घरचीच आहे

चिंचवड गावठाण,
रविवार, दुपार

प्रिय सखाराम,

सर्वप्रथम एक फिर्याद. तू माझ्याकडून नेलेला अडकित्ता मला परत मिळाला. परंतु त्याची खीळ ढिली झालेली आहे आणि पात्यावर चाकणच्या मातीचा, अथवा तत्सम कशाचा तरी, डाग आहे. हा अडकित्ता माझ्या वडिलांचा. त्यांनी तो काशीहून आणला होता. त्याला मोराची मान आहे, आणि ती मान धरून त्यांनी जन्मभर सुपारी कातरली. खीळ कधी हलली नाही. तू 'परवा देतो' म्हणून नेलास आणि थेट वर निघून गेलास! सज्जनांच्या व्यवहारात याला काय म्हणतात? चित्रगुप्ताकडे दाद मागावी, तर तू एव्हाना त्याच्या कारकुनांना इंग्रजी शिकवायला बसला असशील. म्हणजे माझा अर्ज तुझ्याच हातून पुढे सरकायचा. न्यायाची आशा दिसत नाही.

हसलास? हसून घे. पुढे हसण्याजोगं फारसं नाही.

अडकित्ता परत कसा आला, ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे. तुझ्या लेकीनं, यमूनं आणून दिला. परवा संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून तिनं तो माझ्यापुढे ठेवला.

"काका, ह्यो तुमचा. आईनं येतानाच दिला व्हता. द्यायचा ऱ्हायला."

"अगं असू दे की. घाई काय आहे?"

"न्हाई. कुनाचं काय ऱ्हायला नको."

कुणाचं काही राहायला नको, असं माणूस कधी म्हणतं रे? निघताना म्हणतं. तेव्हापासून मला सुपारी गोड लागत नाही. ढिल्या खिळीमुळे नव्हे.

पहिल्यापासून सांगतो. तू माघात गेलास, त्यामुळे तुला ठाऊक नाही. तुझा वर्ग मंजूर झाला!

हो, तुझाच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग, ज्यासाठी तू सरकारला इतके अर्ज केलेस की खात्यातल्या कारकुनाला तुझं अक्षर पाठ झालं असेल. आपल्या चाकण-चिंचवडकडची मुलं मराठीत मॅट्रिक होतात आणि पुण्याला कॉलेजात जाऊन बसतात, तर फळ्यापासून घंटेपर्यंत सगळं इंग्रजी! गुणी मुलं सहा महिन्यांत मुकी होतात. त्यांना दिवसाचं व्याख्यान संध्याकाळी सावकाश, मराठीतून पुन्हा सांगावं, टिपणं कशी घ्यायची ते दाखवावं, चार पुस्तकं हाताशी ठेवावीत. एवढीच तुझी मागणी होती. जूनमध्ये ग्रँट आली. पुस्तकांना, गॅसबत्तीच्या रॉकेलला, इंग्रजीच्या एका मास्तरांच्या मानधनाला. एका सत्रापुरती. पुढचं पाहणी करून ठरवू, असं कळवलं होतं.

मंजुरीचा कागद हातात आला, त्या दिवशी मी तो मोठ्यानं वाचला. घरात कुणी नव्हतं. तरी वाचला.

तुला आठवतं ना आपलं पहिलं वर्ष? एकाच बाकावर बसायचो. वारावर जेवायचो, तेही पुष्कळदा एकाच घरी. मी शास्त्र्याचा मुलगा. माझं निम्मं इंग्रजी उसनं आणि निम्मं धिटाईचं, पण त्या धिटाईवर मी तरलो. तू माझ्याहून हुशार. गणित तर तू मला वाटेत चालता चालता शिकवायचास. आणि नापास तू झालास! चाकणला परत गेलास, शाळेत मास्तर झालास, आणि पुढे सगळा जन्म मला 'शास्त्री' म्हणून हिणवत राहिलास. वर्गात शुद्ध बोलायचास. माझ्यापुढे मुद्दाम चाकणची भाषा काढायचास, मला डिवचायला.

बाजाराच्या दिवशी मोशीवरून सायकल मारत यायचास, घाम पुसायचास आणि पुन्हा तेच सुरू करायचास.

"शास्त्री, पैल्या वर्साला पोरगं अभ्यासानं बुडत न्हाई. हात वर करायची लाज वाटती, म्हनून बुडतं."

"मग तू का नाही केलास हात वर?"

"क्येला व्हता की. एकदा. समदी हासली. तू बी."

मी हसलो होतो का? मला आठवत नाही. तुला आठवत होतं, म्हणजे हसलो असेन.

असो. वर्ग सुरू झाला, इथल्या शाळेच्या मागच्या खोलीत; चालवतो मी. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना झालाय ना, तिथल्या कामगारांची मुलं येतात. कुणी साताऱ्याकडची, कुणी कोकणातली. दोन-चार चाकणकडची. आणि त्यांत तुझी यमू. तिच्या आईनं तिला आमच्याकडेच ठेवलं आहे. तुझी वहिनी, जानकी, म्हणते, घरात पहिल्यांदा कुणी माझ्या डब्यांवर नावं लिहून दिली.

तुझी मुलगी कशी आहे म्हणून सांगू? अगदी तुझी आहे. म्हणजे छळवाद आहे! वर्गात दर दोन वाक्यांना तिचा हात वर. "काका... न्हाई, सर, येक इचारू?" मुलं हसायची. ही त्यांच्याकडे वळून बघायची, जणू पाऊस आलाय की काय ते बघावं, आणि पुढे विचारायची. एकदा इंग्रजीच्या मास्तरांना म्हणाली, "सर, इंग्रजीतल्या ह्या 'द'चं काम काय? समदीकडं हाय, आन् अर्थ कुटंच न्हाई." मास्तरांनी खुलासा केला. ही म्हणाली, "न्हाई समजलं." त्यांनी पुन्हा केला. "न्हाई समजलं." मास्तर माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे. वर्गभर हशा झाला आणि त्या हशात तीही हसली. मला वाटलं, सखाराम, हेच ते! तुला जे एकदा जमलं आणि मग जमलं नाही, ते हिला जमतंय. वर्ग सार्थकी लागला.

मग भाद्रपदात कळवलं, की पाहणीला खात्याचे साहेब येत आहेत.

इथून पुढे माझी मान खाली आहे असं समजून वाच.

पाहणी म्हटलं की आपल्याकडे काय करतात, हे तुला मी सांगायचं? शाळा तपासायला दिपोटी येणार म्हटलं की ती सारवायची, तोरण बांधायचं, हुशार पोरांना पुढच्या बाकांवर बसवायचं, आणि कच्च्या पोरांना आदल्या दिवशी सांगायचं, "उद्या येऊ नको रे, तुला बरं नाही." तूच एक मास्तर असा की तुझ्या वर्गात अगदी कच्चं पोर पहिल्या बाकावर आणि हुशार पार मागे, दिपोटी येवो नाहीतर गव्हर्नर येवो! त्यापायी तुला शेरे मिळाले आणि बढती हुकली. मी तुला किती चिडवलं होतं! म्हटलं, "अरे, तुझ्याच गावचा बाजार बघ. गोणीच्या तोंडाशी चांगला कांदा ठेवतात. एवढी अक्कल अडत्याला आहे, ती तुला नाही?"

तू काय म्हणालास, आठवतं? "व्हय, आन् गिऱ्हाईक घरी जाऊन गोणी उलटी करतंय, मंग आई-बापाचा उद्धार करतंय. म्या दुकान मांडल्यालं न्हाई, शास्त्री."

उत्तर मला फार आवडलं होतं. मी ते चार ठिकाणी माझं म्हणून सांगितलंही.

आणि साहेब येणार म्हटल्यावर मी काय केलं? गोणी भरली.

इंटरला, म्हणजे पुढच्या वर्षाला, गेलेली चार मुलं बोलावली. फाडफाड इंग्रजी बोलणारी, घरून इस्त्रीचे सदरे घालून आलेली. त्यांना पुढे बसवलं. आणि जी अडखळतात त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं, "उद्या सुट्टी घ्या." का, ते कुणी विचारलं नाही. या बाबतीत आपली मुलं जन्मजात शहाणी असतात. फक्त एकीनं विचारलं. कुणी, ते सांगायला नको.

"का वो काका? उद्या साहेब येनार ना? त्यास्नीच इचारते की त्या 'द'चं."

मी म्हटलं, "यमू, उद्या काकूला घरी मदत कर. साहेबांसाठी पोहे करायचेत."

"बरं," म्हणाली.

तू म्हणशील, कशापायी केलंस? खरं सांगू? वर्ग वाचावा म्हणून. सरकार काय बघतं? निकाल बघतं, डामडौल बघतं, असंच मला वाटलं. जन्मभर पाहणी म्हणजे सापळा, हेच पाहत आलो. साहेबानं एक प्रश्न टाकायचा, पोरानं तोंड वासायचं, आणि साहेबानं शेरा मारायचा. तो शेरा मी टाळत होतो. तुझा वर्ग वाचवायला मी तुझीच रीत मोडली. एवढं तर्कशास्त्र शिकून ही अशी तर्कबुद्धी!

साहेब आले. मला वाटलं होतं कुणी ढेरपोटे, फेटेवाले असतील. हा तर तरुण. बुशशर्ट, चष्मा, हातात स्वतःचीच पिशवी. तोरणाखालून वाकून आत आला, कारण ते जरा खालीच बांधलं गेलं होतं. मी रचलेला स्वागतश्लोक म्हटला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला. बिचाऱ्याला कळला नाही, हे त्याचं भाग्य.

मग मागच्या एका बाकावर जाऊन बसला, मुलांसारखा. मुलांना मराठीत म्हणाला, "कॉलेजात तुम्हाला काय अडतं, ते सांगा बरं मला."

पुढच्या बाकावरचा उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, काहीही अडत नाही. दुसराही तेच म्हणाला, त्याहून चांगल्या इंग्रजीत. मी धन्य झालो.

साहेबांचा चेहरा मात्र खुलेना. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही मुलं छान आहेत. पण ज्यांना येत नाही, ती कुठं आहेत? तशी दोन-तीन दाखवा ना मला. तीच दाखवा. वर लिहायला मला तेच पाहिजे."

सखाराम, माणूस विनवत होता रे मला! ग्रँट हातात घेऊन उभा होता आणि म्हणत होता, द्यायला जागा दाखवा. आणि मी काय समजलो? हाच तो सापळा.

मी म्हटलं, "साहेब, आपल्या कृपेनं आमच्याकडे तसं कुणी नाही."

आणि नेमकी तेव्हा दारात यमू. हातात पोह्यांची ताटली. जानकीनं तिलाच पाठवलं होतं. तिला बिचारीला माझे कावे काय ठाऊक? केव्हापासून उभी होती, मला माहीत नाही. ऐकलं, एवढं नक्की.

साहेब तिच्याकडे बघून हसले. म्हणाले, "ही? ही पण शिकते का वर्गात?"

एक शब्द पुरेसा होता. 'हो'. आपल्या भाषेत याहून लहान शब्द नसेल. आणि मी म्हटलं, "घरचीच आहे."

खोटं नव्हतं ते! घरचीच आहे, तुझी शपथ, पोटच्यासारखी आहे. पण मी ते कोणत्या अर्थानं म्हटलं, ते मला कळत होतं, तिला कळलं, आणि आता तुलाही कळलं. पोहे वाढणारी आहे, असं मी म्हटलं. तिनं ताटली साहेबांपुढे ठेवली, पदर सावरला, पाण्याचा पेला आणून दिला आणि परत गेली. जिला 'द'चं काम विचारायचं होतं, तिच्यापासून साहेब हातभर अंतरावर होते.

रात्री जेवताना जानकीला सगळं कळलं. माझ्याच तोंडून निघालं. तिनं भात वाढायचा थांबवला. म्हणाली, "पाहुणे यायचे म्हणून केर दाराआड लोटतात, तसं लोटलंत पोरीला."

परवा खात्याचं उत्तर आलं. फार सभ्य आहे. विद्यार्थ्यांची तयारी पाहून समाधान वाटलं, शिक्षकांचं अभिनंदन. अशा मुलांना वेगळ्या मदतीची गरज दिसत नाही. सबब दिवाळीनंतर ग्रँट चालू ठेवण्याचं कारण उरत नाही. जिथे गरज आहे, तिथे ती देता येईल.

वाचून मला राग येईना. राग कुणावर काढायचा? त्यांनी तोंडाशी ठेवलेला कांदा बघितला आणि म्हणाले, माल उत्तम, औषध कशाला? चूक त्यांची नाही. गोणी मी भरली होती.

आणि त्याच संध्याकाळी अडकित्ता आला. मग विषय निघाला. यमू म्हणाली, "वर्ग बंद व्हनार म्हनं. मंग मी हितं ऱ्हाऊन काय करू, काका? चाकणला आईला मदत तरी व्हईल." रडत नव्हती. तुझ्यासारखीच आहे. ठरवलेलं सांगत होती.

मी म्हटलं, "यमू, माझं चुकलं."

"असू द्या, काका," म्हणाली. आणि दिव्याची काच पुसायला गेली.

असू द्या! तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. तू दिल्या असत्यास. चाकणच्या दिल्या असत्यास.

तू सोबत असतास तर असं झालं नसतं, असं लिहिण्याचा मोह होतो. लिहीत नाही. तू सोबत असतास तरी मी तुला त्या दिवशी सुट्टीच घ्यायला सांगितली असती, 'सखाराम, तुझं इंग्रजी जरा रांगडं आहे' म्हणून! हे लिहिताना माझं मलाच कळलं. सगळं आयुष्य मी तुझ्यावर माया केली, आणि तरी चारचौघांत तू जरा मागे उभा राहिलास तर बरं, असं मला वाटत आलं. तुला हे ठाऊक होतं का रे? ठाऊक असून तू मोशीवरून सायकल मारत येत होतास?

काय करणार आहे, ते सांगतो. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याला जाणार. साहेबांच्या कचेरीत उभा राहीन आणि सांगेन, श्लोक वगैरे न म्हणता: मी तुम्हाला खोटं दाखवलं. पुन्हा या, पण न कळवता या. तोरण नसेल, पोहे नसतील. पहिल्या बाकावर अडखळणारी मुलं असतील, आणि त्यांच्यात बसायला जागा असेल तर मीही बसेन, कारण 'द'चं काम मलाही ठाऊक नाही. साहेब चिडले तर चिडोत. ग्रँट गेलीच, तरी वर्ग माझ्या ओसरीवर भरेल. गॅसबत्ती नसेल तर कंदील. तुझ्या पद्धतीनं भरेल; कच्चं पोर पुढे. हे वचन देतो, आणि ते पाळेन. अडकित्त्याची खीळही ठोकून घेईन.

पण सखाराम, खरी काळजी ग्रँटची नाही. ग्रँट येईल, नाही येईल. यमूही कदाचित राहील. जानकी तिला सोडणार नाही. काळजी निराळीच आहे.

त्या दिवसानंतरही ती वर्गाला येते. पहिल्या बाकावर बसते, कारण मी तिथेच बसवतो. वही उघडते, मान हलवते. काल मी मुद्दाम विचारलं, "यमू, त्या 'द'चं समजलं का गं शेवटी?"

"समजलं," म्हणाली.

समजलेलं नाही रे. मलाच समजलेलं नाही. ती आता काहीच विचारत नाही. तुझ्या पोरीला हात वर करायची लाज वाटायला लागली आहे, आणि ती माझ्या घरात राहून वाटायला लागली आहे. ती पुन्हा कधी हात वर करील की नाही, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते.

तुझा,
वामन
(शास्त्री म्हण, आज हिणवलंस तरी चालेल)